कॉन्ट्रा कुणाचा होता?

"निन्टेंडोला बाहेरच्यांची गरजच काय? मारिओ हाय, झेल्डा हाय, बास की!" कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या मित्रांच्या ग्रुपवर हे पडलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. म्हणणं असं की कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं मशीन, बनवणाऱ्या निन्टेंडोसारख्या कंपनीनं स्वतःचे गेम चांगले काढावेत, दुसऱ्या स्टुडिओंची मनधरणी करू नये. पुरावा निन्टेंडोच्या स्विच या मशीनचा. 2017 साली आला, 15 कोटींच्या वर खपला, आणि त्यावरचा सगळ्यात जास्त खपलेला गेम निन्टेंडोचाच. मी इकडून जपानातून विरोधात लिहिलं तर उत्तर आलं, "तू तिकडचं बघ, आमचं आम्ही बघतो." तेव्हापासून ते मनातून जात नाही.

ठीक आहे, तिकडचं राहू द्या. आधी कोल्हापूरचंच बघू.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्याच्या घरी टीव्ही गेम, त्याच्या घरी अख्खी गल्ली. मशीन निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल होती. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची, परत दाबून बसवायची. मारिओ खेळताना दुसऱ्यानं पहिला मरायची वाट बघत बसायचं. रिमोटसाठी मारामारी व्हायची ती कॉन्ट्राला, कारण त्यात दोघं बरोबरीनं धावायचे. बटणं वर-वर-खाली-खाली दाबून तीस जीव मिळवता येणाऱ्या पोराला गल्लीत मान होता. मग टँक, विटांच्या आतला गरुड वाचवायचा तो. आता सांगा, कॉन्ट्रा कुणाचा? कोनामी या बाहेरच्या कंपनीचा. टँक, म्हणजे बॅटल सिटी, नामकोचा. बॉम्बरमॅन हडसनचा. फॅमिकॉम जपानात 1983 ला आला आणि पुढच्याच वर्षी हडसन आणि नामको आपापले गेम घेऊन त्यावर आले. ज्या सुट्ट्यांमुळे तुम्ही निन्टेंडोवर जीव टाकता, त्या सुट्ट्या बाहेरच्यांनीच भरल्या होत्या.

आता स्विच. मारिओ कार्ट 8 डिलक्स 6 कोटींहून जास्त खपला, कबूल. पण तो मुळात 2014 साली वी यूवर, म्हणजे स्विचच्या आधीच्या मशीनवर, आलेला गेम. तेव्हाही उत्तमच होता, तरी वी यू 1 कोटी 35 लाखांच्या आसपास आटोपला. स्विच हातात धरूनही खेळता येतो, हे मोठं कारण आहेच. पण वी यूवर निन्टेंडोच्या एका गेमपासून दुसऱ्यापर्यंत महिनेच्या महिने कोरडे जायचे, हे ग्रुपवरचं कुणी बोलत नाही. पिकमिन 3 सुरुवातीच्या काळातच येणार होता, उजाडला 2013 चा जुलै. रेमन लेजंड्स फक्त वी यूसाठी बनत होता, पण युबिसॉफ्टनं तारीख पुढे ढकलली आणि सगळ्याच मशीनवर काढला. बाहेरचे असे हात काढून घेतात तेव्हा घरचा मारिओ एकटा किती महिने किल्ला लढवणार?

स्विचवर ते महिने माइनक्राफ्टनं, स्टारड्यू व्हॅलीनं, मॉन्स्टर हंटर राइजनं भरले. आणि मोमोतेत्सुनं. हे नावही तुमच्यातल्या कुणी ऐकलेलं नसणार. कोनामीचाच गेम, एकट्या जपानात 30 लाखांहून जास्त खपलेला. ओशोगात्सुला, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला, इथं आजी-नातवंडं कोतात्सुत, म्हणजे खालून गरम होणाऱ्या बुटक्या टेबलात, पाय घालून तोच खेळतात. यूट्यूबवरचे इंग्रजी व्हिडिओ बघून निन्टेंडो कळत नाही.

घराजवळच्या बुक ऑफ या जुन्या वस्तूंच्या दुकानात जुन्या गेमचा कप्पा आहे. तिथं प्लेस्टेशनचा फायनल फँटसी 7 नेहमी दिसतो. जाडजूड डबी, आत तीन सीडी. त्या तीन सीडींत निन्टेंडोची एक पिढी गेली. तो बनवणाऱ्या स्क्वेअर कंपनीनं आधीचे सहाही भाग निन्टेंडोच्या मशीनसाठी काढले होते. 1996 साली निन्टेंडो 64 आला तो कॅसेट धरूनच. कॅसेट महाग, आणि तिची मजल फार तर 64 एमबी. एका सीडीत साडेसहाशे एमबी मावायचे. स्क्वेअर प्लेस्टेशनवाल्या सोनीकडे गेली, पाठोपाठ ड्रॅगन क्वेस्ट ही गेमची मालिकाही गेली. प्लेस्टेशन 10 कोटींच्या पुढे, निन्टेंडो 64 जेमतेम 3 कोटी 29 लाख. मारिओ आणि झेल्डा तर तेव्हाही होते, आणि दोन्ही आजवरच्या सर्वोत्तमांत गणले जातात.

शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघत वाढलेल्यांना हे मी समजवावं लागतं, याचंच नवल वाटतं. तालमीचा संघ पेठेच्या पोरांवरच उभा राहतो. तरी मोसमात बाहेरून खेळाडू आणतात, परदेशी खेळाडूसुद्धा आपण बघितलेत. त्यानं गोल मारला की पेठ त्याला डोक्यावर घेते. घरच्या पोरांचा त्यात काही अपमान होत नाही.

पण खरं सांगतो, मला लागलं ते निन्टेंडोवरून नाही. उद्यमनगरात लेथवर जे शिकलो ते घेऊन मी जपानात आलो. इथं माझ्या हातचं काम घेतात, नावाजतात, पण ठरवायची वेळ आली की आतले आत ठरवतात. ते मी समजू शकतो. गावी आल्यावर मिसळीच्या गाडीवर "कट कमी घालू का?" विचारतात, ते मात्र सहन होत नाही. पोकेमॉन बनवणारी गेम फ्रीक आजही निन्टेंडोच्या मालकीची नाही, तरी पिकाचू निन्टेंडोचा नाही असं तुम्ही कधी म्हणालात का? मग इतकी वर्षं लांब राहून काम करणाऱ्या आपल्याच मित्राला "तू तिकडचं बघ" कसं म्हणवतं? मी तिकडचा झालो नाही. इकडचा तर इथं कुणी समजतच नाही.

वाद संपलेलाही नाही. जून 2025 मध्ये आलेल्या स्विच 2 वर सायबरपंक 2077 हा बाहेरचा गेम अख्खा 64 जीबीच्या कार्डात मिळाला. पण बऱ्याच कंपन्या कार्डात नुसती किल्ली देतात, गेम नेटवरून उतरवून घ्यावा लागतो. याच ग्रुपवर त्यावरून केवढी आरडाओरड झाली होती! पैसे मोजले तर पूर्ण गेम हातात का नाही, म्हणून. माझा सवाल तोच आहे, आणि तो क्योतोच्या त्या पांढऱ्या इमारतीला, म्हणजे निन्टेंडोच्या मुख्यालयाला, आहे. बाहेरच्यांना अख्खा गेम कार्डात घालणं परवडेल, असं कार्ड त्यांना द्या.