निकाली का गुणांवर?

घरात फॉर्म्युला वन कळणारा एकच माणूस असला की त्याच्या नशिबी शर्यत बघणं नसतं, सांगणं असतं. एरवीच्या रविवारी निभावून जातं. कुणीतरी डोकावतं, "कोण पुढं हाय?" विचारतं आणि उत्तर न ऐकताच आत जातं. पण एखाद्या मोसमात दोन ड्रायव्हर विजेतेपदासाठी एकमेकांच्या उरावर बसले की बातमी गल्लीभर होते आणि माणसं जमतात. शाहू स्टेडियमवर पेठांचे फुटबॉल सामने बघून वाढलेलं हे कोल्हापूर. ईर्षा असली की पुरे, नियम नंतर विचारून घेऊ, असा इथला खाक्या. आणि ते 'नंतर' नेमकं शेवटच्या पाच फेऱ्यांत येतं.

आधी वेळेचं बघावं लागतं. युरोपातल्या बहुतेक शर्यती आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुटतात, म्हणजे पाहुणे येण्याच्या मुहूर्तावर. ब्राझील रात्री साडेदहाच्या सुमाराला. ऑस्टिन आणि मेक्सिको मध्यरात्र उलटल्यावर. या दोन सगळ्यांत निवांत, फक्त ओरडायचं ते उशीत तोंड खुपसून. खरी पंचाईत जपानची. सुझुकाची शर्यत सुटते सकाळी साडेदहाला, आणि कोल्हापुरात रविवारी साडेदहा ही मटणाच्या दुकानापुढं उभारायची वेळ. 'मधल्या फेऱ्यांत पटकन जाऊन येतो' हा विचार मनातून काढून टाकावा, कारण मधल्याच फेऱ्यांत टायर बदलतात आणि शर्यतीचं निम्मं तिथं ठरतं. मटण नऊच्या आत घरात यायला हवं. वाटण आदल्या रात्री करून ठेवलं तर आत्या काही बोलत नाही. थोडं बोलते.

भाच्याचा मोबाइल मात्र आधी काढून घ्यावा. ऑनलाइन प्रक्षेपण मागून येतं आणि फेऱ्यांचे आकडे आधी येतात. टीव्हीवर गाडी वळणाकडं निघालेली असते आणि कोपऱ्यातून आवाज येतो, "गेला तो भिंतीत."

आता मामा. मामा प्रत्येक घरात असतो. आमच्याकडचा खासबागेतल्या मैदानांवर पोसलेला आहे. त्याला निकाली कुस्ती लागते. पाठ टेकली, विषय संपला. "गुणांवर सुटती ती काय कुस्ती हाय मर्दा?" हा त्याचा जन्माचा सवाल. त्याच्यासमोर २५, १८, १५, १२, १० असं दहाव्या क्रमांकाच्या एका गुणापर्यंत उतरत जाणारं कोष्टक मांडायचं आणि वीस-बावीस शर्यतींची बेरीज समजावायची, म्हणजे रंकाळा चमच्यानं उपसायला घेणं. त्यात २०२१ साली बेल्जियममध्ये पाऊस इतका पडला की गाड्या सेफ्टी कारच्या, म्हणजे पुढं राहून सगळ्यांना हळू चालवणाऱ्या गाडीच्या, मागं दोन-तीन फेऱ्या फिरल्या आणि पहिल्या दहांना अर्धे गुण वाटून टाकले. म्हणून त्या मोसमाच्या शेवटच्या शर्यतीआधी मॅक्स व्हर्स्टापेन ३६९.५ आणि लुइस हॅमिल्टनही ३६९.५. बरोबरी मामाला समजते, पण त्या अर्ध्या गुणावर तो अजून अडलेला आहे.

उद्यमनगरातले शेजारी वेगळ्या जातीचे. तीस वर्षं लेथवर उभं राहिलेल्या माणसाला ईर्षा दिसत नाही, नट दिसतो. "चाकाला एकच?" हो, मधोमध एकच. एका चाकाला तीन माणसं: एक नट सोडायची-आवळायची गन लावणारा, एक जुनं चाक काढणारा, एक नवं बसवणारा. पुढं एक जॅक, मागं एक. दोन-सव्वादोन सेकंदांत चारही चाकं. विक्रम मॅक्लारेनचा, २०२३ च्या कतार शर्यतीतला, १.८० सेकंदांचा. आट्यांत नट तिरका बसला की तेच काम पंधरा सेकंदांवर जातं, आणि हे सांगितल्यावर शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते कुठल्याही ड्रायव्हरच्या विजयानं पसरत नाही.

मग पुढचा प्रश्न येतो, आणि तो बिनतोड असतो. पिटलेनमध्ये, म्हणजे टायर बदलायला आत जायच्या गल्लीत, बहुतेक ठिकाणी ताशी ८० किलोमीटरची मर्यादा. आत येणं-बाहेर पडणं धरून वीस-बावीस सेकंद जातातच. मग दोन सेकंदांचे पावणेदोन करून उपयोग काय? उपयोग असा, की पुढच्या गाडीला रस्त्यावर गाठणं फार अवघड असतं. तिच्या पंखांनी घुसळलेली हवा मागच्या गाडीच्या वाट्याला येते. वळणात मागच्या गाडीला जमिनीकडं दाबणारा जोर कमी पडतो, पुढची चाकं घसरतात, टायर तापतात, आणि ड्रायव्हर नाइलाजानं दीड-दोन सेकंद मागं सरकतो. मागच्याला एका सेकंदाच्या आत आलं की मागचा पंख उघडून वेग वाढवायची सवलत २०११ ते २०२५ एवढी वर्षं होती, ती याच दुखण्यावरचं औषध. दुसरं औषध म्हणजे मागच्यानं आधी टायर बदलायचे. नव्या टायरवर पहिल्या फेरीतच सेकंद-दीड सेकंद मिळतो. पुढचा एक फेरी उशिरा आत गेला की बाहेर येईपर्यंत मागचा पुढं निघून गेलेला असतो. याला अंडरकट म्हणतात. अंतर दीड सेकंदाचं असेल तर पिटमधला पाव सेकंदही जड जातो. हे सगळं सांगून होईपर्यंत टीव्हीवर तसा अंडरकट होऊन गेलेला असतो आणि आत्या विचारते, "मघाशी हा मागं हुता न्हवं?"

पण ईर्षेचा गाभा टायरमध्ये नाही, वजाबाकीत आहे, आणि तो एकदा मामाच्या गळी उतरवला की पुढचं काम हलकं होतं. विजेतेपद दोघांतच उरलं, शर्यती संपत आल्या आणि एकजण गुणांनी पुढं असला, तर दोन्ही गाड्या एकमेकींवर आदळून बाद होणं हे पुढच्याच्या फायद्याचं. मागच्याला जिंकावं लागतं. पुढच्याला दोघांपैकी कुणी जिंकू नये एवढंच पुरतं. हे ध्यानात ठेवून जुने हिशेब उघडले की अपघातांचा वास बदलतो.

आयर्टन सेना आणि अ‍ॅलन प्रोस्ट घ्या. १९८८ मध्ये दोघं एकाच मॅक्लारेन संघात, होंडाचं इंजिन, सोळापैकी पंधरा शर्यती या दोघांनी वाटून घेतल्या. सेना आठ, प्रोस्ट सात. एकाच संघातले एवढे का भांडतात, असं आत्याला वाटतं. पण दुसऱ्या संघाच्या माणसाकडून हरलं तर 'त्याची गाडी भारी' म्हणता येतं. गाडी तीच असली की सबब उरत नाही. वर्षअखेर प्रोस्टचे गुण १०५, सेनाचे ९४, आणि विजेता सेना. कारण तेव्हा सर्वोत्तम अकरा निकालच धरायचे. प्रोस्टचे सात पहिले आणि सात दुसरे क्रमांक. त्यातले तीन दुसरे गळाले, राहिले ८७. सेनाचे ९०. एका सहकारी संस्थेत सचिव म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थांना हा हिशेब ऐकवला की ते बराच वेळ गप्प बसतात आणि मग हळूच विचारतात, "आणि हे ऑडिटला चाललं?"

पुढच्या वर्षी, २२ ऑक्टोबर १९८९ ला, सुझुकाला येताना प्रोस्ट ७६, सेना ६०. दोन शर्यती उरलेल्या, विजयाला नऊ गुण. सेनाला दोन्ही जिंकणं भाग. ५३ फेऱ्यांपैकी सत्तेचाळिसाव्या फेरीत शेवटच्या अरुंद नागमोडी वळणावर सेना आतून घुसला, प्रोस्टनं दार लावलं, चाकात चाक अडकून दोघं थांबले. प्रोस्ट पट्टे सोडून उतरला. त्याचा हिशेब पुरा झाला होता. सेनानं ट्रॅकवरच्या माणसांकडून गाडी ढकलून घेतली, सुरू केली, बाजूच्या मोकळ्या वाटेनं पुन्हा ट्रॅकवर आला, तुटलेलं नाक बदललं, तोवर पुढं गेलेल्या नानिनी या ड्रायव्हरला गाठलं आणि पहिला आला. मग ते नागमोडी वळण चुकवल्याबद्दल बाद ठरला. पहिला क्रमांक नानिनीला, विजेतेपद प्रोस्टला. इथं मामाला धीर धरवत नाही. "पाठ कुणाची टेकली?" कुणाचीच नाही मामा. एक जण उठून गेला आणि दुसऱ्याला पंचांनी आखाड्याबाहेर काढलं.

१९९० ला पारडं उलटं. प्रोस्ट आता फेरारीत, सेना ७८, प्रोस्ट ६९. सुझुकालाच सेनानं सुटायची पहिली जागा मिळवली, पण ती जागा ट्रॅकच्या उजव्या अंगाला होती. ही कटकट कुणाला समजावायची असेल तर मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्ट चालवून आलेलं एखादं पोरगं हाताशी असावं. ते एका वाक्यात सांगतं: सगळे ज्या रेषेतून जातात तिथं रबर चढतं आणि पकड मिळते; रेषेबाहेर धूळ आणि टायरचे सुटलेले रबराचे गोळे, तिथून गाडी सुटताना चाक नुसतं फिरतं. सेनानं जागा डावीकडं हलवायला सांगितलं, अधिकाऱ्यांनी नाही म्हटलं. दुसऱ्या जागेवरून प्रोस्ट सरस सुटला. पहिल्याच वळणाला सेनानं पाय उचलला नाही. दोघंही वाळूत, धुरळा खाली बसायच्या आत विजेतेपद सेनाला. वर्षभरानं त्यानं हे ठरवून केल्याचं उघड सांगितलं. माझ्या मते १९८९ ला सेनावर अन्याय झाला आणि १९९० ला सेनानं अन्याय केला, आणि दोन्ही वाक्यं एकाच खोलीत म्हणून कुणी सुखरूप बाहेर पडलेलं मला माहीत नाही.

त्यानंतर शूमाकर. १९९४ ला अ‍ॅडलेडमध्ये डेमन हिलपेक्षा एका गुणानं पुढं. दोघं आदळले, दोघंही बाद, शूमाकर विजेता. १९९७ ला हेरेथमध्ये व्हिलनवपेक्षा पुन्हा एका गुणानं पुढं. या खेपेला टक्कर देऊन स्वतःच खडीत रुतला, व्हिलनव पुढं निघून गेला, आणि वर शूमाकरचं नाव त्या मोसमाच्या गुणतक्त्यातूनच काढलं. मामाला आवडलेला पंचांचा हा एकमेव निकाल.

निकी लाउडाची गोष्ट मात्र मी मुद्दाम मधे घुसवतो, कुणी विचारो न विचारो. १९७६ च्या १ ऑगस्टला न्यूरबर्गरिंगवर जळालेला माणूस सहा आठवड्यांत मोन्झाला परत गाडीत बसला, आणि जपानच्या शेवटच्या शर्यतीत, जेम्स हंटपेक्षा तीन गुणांनी पुढं असताना, पावसात दोन फेऱ्या करून स्वतःहून थांबला. हंट तिसरा आला आणि एका गुणानं विजेता झाला. यावर खोलीत कुणी काही बोलत नाही, फक्त उद्यमनगरवाले विचारतात, "वायपर नसतंय व्हय त्याला?" नसतं.

आणि १२ डिसेंबर २०२१, अबू धाबी, आपल्याकडे साडेसहा. गुण सारखे, पण व्हर्स्टापेनचे विजय नऊ आणि हॅमिल्टनचे आठ. म्हणजे दोघं बाद झाले तर व्हर्स्टापेन. शर्यत संचालकांनी आधीच्या सूचनांत गुण कापण्याच्या नियमाची आठवण करून दिली होती ती याचसाठी. टक्कर झाली नाही, पण जे झालं ते समजावण्यापेक्षा टक्कर परवडली असती.

५८ फेऱ्यांची शर्यत. हॅमिल्टन आरामात पुढं, पण त्याचे कडक टायर चौदाव्या फेरीत बसवलेले. त्रेपन्नाव्या फेरीत लतिफीची गाडी भिंतीला लागली, सेफ्टी कार आली. सेफ्टी कारमागं सगळेच हळू जातात, म्हणून पिटमध्ये जाण्याचा तोटा निम्म्यावर येतो. हॅमिल्टन आत गेला असता तर व्हर्स्टापेन बाहेर राहून पुढं आला असता, आणि शर्यत सेफ्टी कारमागंच संपली असती तर खेळ खलास. म्हणून तो बाहेर राहिला. व्हर्स्टापेनला गमावण्यासारखं काही नव्हतं. त्यानं मऊ, जास्त पकडीचे नवे टायर चढवले. दोघांच्या मधे एक फेरी मागं पडलेल्या पाच गाड्या. आधी निरोप आला, त्यांनी पुढं जायचं नाही. मग आला, या पाचांनीच जावं. बाकीच्या मागं पडलेल्या तशाच राहिल्या. नियमाप्रमाणं त्यानंतर आणखी एक फेरी सेफ्टी कार थांबायला हवी होती. ती त्याच फेरीला आत घेतली. उरली एक फेरी. चव्वेचाळीस फेऱ्या झिजलेल्या कडक टायरसमोर नवा मऊ टायर. पाचव्या वळणाला व्हर्स्टापेन आतून गेला.

या सगळ्याला टीव्हीवर काही मिनिटं लागली आणि मामाला पटवायला हिवाळा गेला. हॅमिल्टनच्या मर्सिडीज संघाचे आक्षेप त्याच रात्री फेटाळले, अपील त्यांनी नंतर सोडून दिलं. फेब्रुवारीत संचालक मायकेल मासी यांना पदावरून हटवलं, मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचा अहवाल आला: मानवी चूक झाली, निकाल कायम. "पंच बदलला आणि निकाल ठेवला?" मामा अहवालावर एवढंच बोलला. माझ्याकडे त्यावर उत्तर नाही आणि महासंघाकडेही नव्हतं.

आत्याला या कशाशी देणंघेणं नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की रविवारी संध्याकाळी साडेसहाला टीव्ही मोकळा मिळणार का. मिळणार होता, पुढची शर्यत २० मार्च २०२२ ला बहारीनमध्ये होती, आणि ती साडेसहाला नव्हतीच. रात्री साडेआठला होती.

"म्हंजे जेवणाच्या टायमाला," आत्या म्हणाली, आणि रिमोट उचलून आत गेली.