"पैसे भरले होते, मग आभार कशाला?" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही नाव लिहिलेलं नाही त्यामुळे नुसतं ‘तुम्ही’ म्हणते. पुण्यातल्या पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या कॉन्फरन्सच्या व्हॉलंटियर्सचे आभार मानणारी माझी पोस्ट तुम्हाला पटली नाही, आणि का पटली नाही ते तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी थँक्स. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की शनिवारी सकाळी बॅजसाठी पाऊण तास रांगेत उभं राहावं लागलं, दुपारी जेवण संपलं, एक टॉक (म्हणजे भाषण) न सांगता दुसऱ्या हॉलमध्ये हलवला, तुमचं स्वतःचं टॉकचं प्रपोजल नाकारलं आणि ओळखीच्यांची घेतली, आणि हे सगळं पैसे भरून. वर तुम्ही विचारलंय की पैसे भरले होते मग आभार कशाला, ही पोरं रिझ्युमेसाठी आणि फुकट तिकिटासाठी करतात, त्यापेक्षा एखाद्या इव्हेंट कंपनीला काम का देत नाहीत.

रांगेचं तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. मी पण त्याच रांगेत होते. पहिल्या नावाच्या अक्षरावरून टेबलं केली होती, आता आपल्याकडे अमित, अमोल, अनिकेत, अक्षय, अश्विनी आणि मग सागर, संदीप, स्नेहा, शुभम एवढी माणसं, त्यामुळे इंग्रजी ए आणि एसची रांग गेटपर्यंत गेली आणि शेवटच्या टेबलावरची मुलगी रिकामी बसून होती. शेवटी तीच उठली आणि एसच्या टेबलावर जाऊन बॅज शोधायला लागली. टॉक हलवल्याचं तर मलाही कळलं नाही, मी चुकीच्या हॉलमध्ये दहा मिनिटं बसून होते. दोन्ही गोष्टी पोस्टमध्ये लिहायला हव्या होत्या, मी लिहिल्या नाहीत, ही माझी चूक.

जेवणाचं मात्र जरा वेगळं आहे. कॅटररला आकडा दोन दिवस आधी द्यावा लागतो. तिकीट काढलेली सगळी माणसं कधीच येत नाहीत आणि सप्टेंबरात पुण्यात पाऊस असला की अजूनच कमी येतात. पूर्ण आकडा दिला तर अन्न वाया जातं आणि पैसेही, कमी दिला तर शेवटच्या पन्नास माणसांची पंचाईत. या वेळी शनिवारी लख्ख ऊन पडलं आणि सगळे आले. पण तुम्ही हॉलमध्ये परत गेल्यावर काय झालं ते मी पाहिलंय. तीन पोरं स्वतःच्या बाइकवर जाऊन मिळतील तेवढे वडापाव आणि इडल्या घेऊन आली, आधी राहिलेल्या लोकांना दिलं, आणि ती स्वतः साडेचारला जिन्यात बसून जेवली. त्यातल्या एकाला मी विचारलं की सकाळपासून एखादा टॉक तरी ऐकलास का, तर म्हणाला व्हिडिओ येतील ना ताई, बघेन नंतर. वर्षभर वाट बघितलेला टॉक त्याच्यापासून वीस पावलांवर चालू होता हो.

आता इव्हेंट कंपनीचं. हा प्रयोग होऊन गेलेला आहे. पायथनवाल्यांची पहिली भेट १९९४ साली अमेरिकेत झाली, जेमतेम वीस माणसं होती, पण नंतर परिषद वाढली तशी ती भरवण्याचं काम व्यावसायिक कंपनीकडे गेलं आणि तिकीट असं झालं की जे लोक रात्री जागून फुकटात कोड लिहीत होते त्यांनाच ते जड जायला लागलं. म्हणून २००३ मध्ये कम्युनिटीने स्वतःची स्वस्त परिषद भरवली, वॉशिंग्टनला, जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात, स्टीव्ह होल्डन तिचे अध्यक्ष होते, आणि तिलाच पायकॉन, म्हणजे पायथन कॉन्फरन्स, म्हणायला लागले. म्हणजे आपण आज ज्याला पायकॉन म्हणतो ती गोष्ट जन्मालाच अशी आली की काम आपण करू पण तिकीट परवडलं पाहिजे. फुकट तिकिटाचं म्हणाल तर तिथे वर्षानुवर्षं नियमच होता की आयोजक असो नाहीतर वक्ता, तिकीट सगळ्यांनी काढायचं, आणि ज्याला खरंच जमत नाही त्याच्यासाठी फायनान्शियल एड.

आपल्याकडेही तसंच झालं. पहिली पायकॉन इंडिया २००९ च्या सप्टेंबरात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएस्सी), मग २०११ ला ती पहिल्यांदा बंगळुरूच्या बाहेर पडली आणि आपल्या पुण्यात आली, सेनापती बापट रोडवर सिंबायोसिसच्या विश्वभवनात. मी तेव्हा कॉलेजमध्ये होते. रेमंड हेटिंगर आले होते, यादीतल्या गोष्टींना क्रमांक देत जाणारं, आपण रोज वापरतो ते एन्युमरेट पायथनमध्ये यावं असा प्रस्ताव ज्यांनी २००२ मध्ये लिहिला तेच. माझ्यासारख्या मुलीला, जिच्या सिलॅबसमध्ये तेव्हा पायथन हा शब्द पण नव्हता, त्या माणसाला समोर बसून ऐकायला मिळालं आणि चहाच्या वेळी एक बाळबोध प्रश्न विचारायला मिळाला. तो मोठा माणूस माझ्या शहरात का आला, तर कोणीतरी महिनोन्‌महिने मेल लिहिले, हॉल बघितले, पैसे जमवले म्हणून. त्या कोणाचंही नाव मला तेव्हा माहीत नव्हतं आणि मी कोणालाही थँक्यू म्हटलं नाही. जेवण झालं, बॅग घेतली, बस पकडून घरी. हे मला आजही लागतं. ती पोस्ट मी का लिहिली याचं खरं उत्तर हेच आहे.

नंतर ती दिल्लीला गेली, हैदराबादला, चेन्नईला गेली, २०२० मध्ये कोविडमुळे ऑनलाइन झाली, आणि प्रत्येक वेळी बऱ्याचशा नव्या लोकांनी ती खांद्यावर घेतली. कोणी पगार घेतला नाही.

तुमचं प्रपोजल नाकारलं गेलं त्याचं वाईट वाटणं मी समजू शकते, माझी दोनदा नाकारली गेलीयेत. पण ‘ओळखीच्यांना घेतात’ हे मी मान्य करणार नाही, कारण एका वर्षी मी स्वतः रिव्ह्यूला बसलेय (दुसऱ्या एका छोट्या कॉन्फरन्सला, ही नाही). पहिल्या फेरीत नावं झाकलेली असतात. एकेक प्रपोजल किमान तीन जण वाचतात, ऑफिस करून रात्री दहानंतर, आणि शेवटी जागा असतात वीसेक आणि चांगली प्रपोजल त्याच्या कितीतरी पट. सगळ्यात अवघड काम नकाराचा मेल लिहिणं. आमच्यातली एक जण प्रत्येकाला वेगळं कारण लिहायची, काय आवडलं आणि पुढच्या वेळी काय बदललं तर होईल ते. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला जर एका ओळीचा साचेबंद मेल आला असेल तर ती तक्रार जरूर करा, ती रास्त आहे.

आणि पैशाचं गणित पण बघा एकदा. हॉलवाल्याला अ‍ॅडव्हान्स तीन-चार महिने आधी लागतो. स्पॉन्सर कंपनीचे पैसे इनव्हॉइस दिल्यावर दोन दोन तीन तीन महिन्यांनी येतात, त्यातही जीएसटीचा नंबर चुकला की परत पहिल्यापासून. मधल्या काळात कोणाचं तरी क्रेडिट कार्ड अडकलेलं असतं. मला अशी एक व्यक्ती माहितीये जिने घरी न सांगता स्वतःचे पैसे घातले होते आणि ते परत मिळायला दिवाळी उलटून गेली. रिझ्युमेसाठी एवढं कोणी करत नाही. वायरी टेपने जमिनीला चिकटवणं, वक्त्याच्या लॅपटॉपला बसेल ती एचडीएमआयची पिन शोधत तीन मजले पळणं, रात्री बारा वाजता कॉलर माइकचे सेल बदलून ठेवणं, हे रिझ्युमेत लिहायला जागाच नसते.

एक गोष्ट पोस्टमध्ये मुद्दाम लिहिली नव्हती, आता लिहिते, कुठली कॉन्फरन्स कुठलं वर्ष ते सांगत नाही. एका सेकंड इयरच्या मुलीला एका सहभागी माणसाचा त्रास होत होता, सारखा मागे मागे येत होता. तिने बॅजच्या मागे छापलेल्या नंबरवर मेसेज केला. पाच मिनिटांत दोन व्हॉलंटियर तिच्याजवळ आल्या, तिला बाहेर चहाला घेऊन गेल्या, तिचं नीट ऐकून घेतलं, आणि तासाभरात त्या माणसाला बॅज काढून परत पाठवलं. हॉलमध्ये कोणालाही कळलं नाही. ती मुलगी दुसऱ्या दिवशी परत आली आणि तिने लायटनिंग टॉक दिला, पाच मिनिटांचा, आवाज थरथरत होता पण पूर्ण केला. त्या दोघींनी दोन्ही दिवस तो फोन हातातून खाली ठेवला नव्हता. पैसे देऊन माणसं ठेवता येतील, मान्य, पण त्या मुलीला बाहेर घेऊन जाताना तिच्याशी ज्या पद्धतीने त्या बोलल्या ते मी पाहिलंय, त्या स्वतः कधीतरी तिच्या जागी असणार.

केनेथ गोन्साल्विस नावाचे एक गृहस्थ होते, भारतातल्या पायथनवाल्यांना एकत्र आणणाऱ्या सुरुवातीच्या लोकांपैकी. २०१२ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षीपासून त्यांच्या नावाने पायकॉन इंडियात एक पुरस्कार देतात, पहिला आयआयटी मुंबईच्या प्रा. प्रभू रामचंद्रन यांना मिळाला. कम्युनिटीसाठी खपणाऱ्या माणसाचं नाव स्टेजवरून घेतलं जातं आणि अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवतो तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी येतं. पण असे स्टेजवर पोचणारे वर्षाला एक. बाकीच्यांना जे काही मिळायचं ते तुमच्या-माझ्यासारख्यांनी हॉलमधून निघताना दोन शब्द बोलले तर तेवढंच.

तुमच्या तिकिटाने हॉल, जेवण, टीशर्ट आलं. त्या पोरांचे शनिवार-रविवार तिकिटात नव्हते.

तुम्ही शेवटी लिहिलंय की पोस्ट एडिट करून खरं काय झालं ते टाका. टाकते. रांग, जेवण आणि हलवलेला टॉक या तिन्हींचा एक परिच्छेद आज रात्री जोडतेय. रांगेचा मुद्दा मी टीमला कळवला होता, त्यांचं उत्तर आलं की पुढच्या वर्षी शुक्रवारी संध्याकाळीच बॅज वाटायला सुरुवात करायची आणि अक्षराऐवजी तिकीट नंबरवर टेबलं लावायची असं चाललंय, त्यांना शुक्रवारच्या त्या दोन तासांसाठी माणसं कमी पडतायत. मी जाणार आहे. आभाराची यादी मात्र जशी आहे तशीच राहील, उलट त्यात दोन नावं सुटली होती, ती पण घालतेय.