इओसिनोफिल उतरले, पण कोपर सरळ होतंय का?

इओसिनोफिलिक फॅसायटिस या आजारावरचा माझा लेख वाचून तुम्ही पत्र लिहिलंत, त्याला हे उत्तर. आधी घाईची गोष्ट. इओसिनोफिलचा, म्हणजे या आजारात रक्तात वाढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, ‘आकडा नॉर्मल आला, आता गोळ्या बंद करतोय’ असं तुम्ही लिहिलंय. तसं परस्पर करू नका. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड काही आठवडे घेतलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी करतं. औषध एकदम तोडलं तर थकवा, चक्कर, रक्तदाब कोसळणं यातलं काहीही होऊ शकतं. डॉक्टरांशी बोलून टप्प्याटप्प्यानेच उतरवा.

आता तुमच्या टीकेकडे. इओसिनोफिलिक फॅसायटिसवरचा माझा लेख तुम्हाला स्टिरॉइडची जाहिरात वाटला, मेथोट्रेक्सेट हे ‘कॅन्सरचं औषध’ सुचवल्याचा राग आला, आणि बायोलॉजिकल औषधं (जिवंत पेशींपासून बनवलेली, प्रतिकारशक्तीतला ठरावीक दुवा अडवणारी) मी दोन ओळींत उरकली ही तक्रार आहे.

इओसिनोफिल स्टिरॉइडपुढे पटकन दबतात, पण आजार ठाण मांडून असतो तो फॅशियात, म्हणजे स्नायूंवरच्या आवरणात. ते सुजून जाड होतं आणि वरची कातडी आत ओढून धरतं. म्हणून हात वर उचलला की शिरेच्या जागी चर दिसतो. माझा रिपोर्ट नॉर्मल आला त्या आठवड्यात तळवे एकमेकांवर टेकवले, तर ते सपाट टेकत नव्हते, मधून पेन आरपार जात होतं. फिजिओथेरपिस्टने मला दर रविवारी कोपराचा कोन मोजून वहीत लिहायला लावला होता. पहिले तीन महिने तोच तो आकडा. चौथ्या महिन्यात हलला. (ती वही फेकावीशी वाटली होती, हेही सांगतो.) काहींचा आजार आपोआप ओसरतो हे तुमचं म्हणणं खरं आहे, पण वाट पाहण्यात सांधा आखडून बसला तर तो सोडवणं फार जड जातं.

मेथोट्रेक्सेट कॅन्सरमध्ये वापरतात, खरंय, पण तिथले मोठे डोस वेगळे. इथे ते आठवड्यातून एकदा, काही मिलिग्रॅममध्ये देतात, आणि ते कशासाठी, तर स्टिरॉइड लवकर उतरवता यावं म्हणून. हाडं, साखर, मोतीबिंदू हे सगळं स्टिरॉइडच्याच खात्यात जमा होत असतं. मात्र एक चूक माझी आहे: ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द मी डोसच्या आकड्यापासून चार ओळी लांब लिहिले होते. ही गोळी चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. लेख दुरुस्त केलाय. फॉलिक ॲसिड, रक्त आणि यकृताच्या नियमित तपासण्या, आणि गर्भधारणेचा विचार असेल तर हे औषध नाही, हेही घातलंय.

बायोलॉजिकलबद्दल मात्र मी मागे हटत नाही. डॉक्टर शुलमन यांनी 1974 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, पण रुग्ण इतके विरळ की टोसिलिझुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब वगैरेंचे अनुभव बहुतेक एकेका रुग्णाचे किंवा लहान गटांचे आहेत. ज्याला गुण आला त्याची हकीकत छापली जाते, न आलेल्याची सहसा नाही. शिवाय इन्फ्लिक्सिमॅबआधी लपलेला क्षयरोग तपासावा लागतो. पहिली औषधं पुरी पडली नाहीत तर हा पर्याय जरूर आहे, पण सुरुवात तिथून नको.

‘बायोप्सीत काहीच निघालं नाही’ असंही तुम्ही म्हणता. तुकडा फक्त कातडीचा होता की फॅशियापर्यंत खोल घेतला होता? वरवरच्या तुकड्यात हा आजार हुकतो. रिपोर्टमध्ये ‘फॅशिया’ हा शब्द आहे का, तेवढं बघून कळवा. एमआरआय झाला असेल तर तोही सांगा.