डबा हवाबंद असतो, निर्जंतुक नसतो. हे डब्यावर मराठीत लिहा

मी मेडिकल चालवतो. धुळे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, गिऱ्हाईक निम्मं खेड्यापाड्यांतलं. बाळाच्या दुधाचे डबे विकून मला पैसे मिळतात हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कमेंटमध्ये कुणाला शोध लावायची मेहनत नको.

पावडरचं दूध निर्जंतुक नसतं. वरचा पत्रा सोलताना फस्स असा आवाज येतो आणि आपल्याला वाटतं की आत जंतूचं नावही नसणार. सलाईनच्या बाटलीबद्दल ते खरं आहे, या डब्याबद्दल नाही. कारखान्यात दूध तापवतात, फवारून वाळवतात, पण वाळवल्यानंतर त्यात जीवनसत्त्वं मिसळताना आणि डबे भरताना जंतू शिरू शकतात. त्यांतला सगळ्यात वाईट म्हणजे क्रोनोबॅक्टर. कोरड्या पावडरीत तो वाढत नाही, पण मरतही नाही, महिनोन् महिने नुसता पडून राहतो. कोमट पाणी पडलं की कामाला लागतो. मोठ्या माणसाला त्याचं सहसा काही होत नाही. पण दोन महिन्यांच्या आतलं, त्यातही दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ असेल तर रक्तात विष पसरतं, मेंदूज्वर होतो. असे रुग्ण फार थोडे असतात, पण त्यांतली बरीच बाळं दगावतात.

अमेरिकेत टेनेसी राज्यात २००१ साली एका दवाखान्याच्या अतिदक्षता विभागातलं नवजात बाळ असंच गेलं. तपासलं तेव्हा त्याच लॉटच्या, म्हणजे एकाच वेळी बनवलेल्या, न फोडलेल्या डब्यांतही हा जंतू सापडला. म्हणजे हात धुतले नाहीत, बाटली उकळली नाही, असं आईवर किंवा नर्सवर ढकलायची सोयच उरली नाही. फ्रान्समध्ये २०१७ च्या डिसेंबरात लॅक्टालिस कंपनीच्या बाळाच्या दुधात साल्मोनेला नावाचा जंतू निघाला. ८३ देशांतून सव्वा कोटीच्या आसपास डबे परत मागवावे लागले. आणि कहर म्हणजे त्याच कारखान्यातल्या दुधाने २००५ सालीही मुलं आजारी पडली होती, आणि जंतूचा वाण तोच निघाला. बारा वर्षं! अमेरिकेत २०२२ साली ॲबट कंपनीचा मिशिगनमधला बाळाच्या दुधाचा कारखाना बंद पडला. तिथे क्रोनोबॅक्टर सापडला होता, पण आजारी बाळांमधल्या जंतूशी तो जुळला नाही, हेही सांगायला हवं. टंचाई मात्र अशी झाली की डबे युरोपातून लष्कराच्या विमानाने आणावे लागले.

कुणी म्हणेल, तपासणी होते ना? होते. क्रोनोबॅक्टरसाठी आंतरराष्ट्रीय निकष असा आहे की एका लॉटमधून दहा-दहा ग्रॅमचे तीस नमुने घ्यायचे आणि एकातही तो सापडता कामा नये. म्हणजे तपासली जाते एकूण ३०० ग्रॅम पावडर, आणि लॉट असतो टनांत. तपासणी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. तिच्यातून काय निसटू शकतं हे कंपनीला माहीत असतं, सरकारला माहीत असतं, डॉक्टरला माहीत असायला हवं. माहीत नसतं ते फक्त चमच्याने दूध पाजणाऱ्या बाईला.

उपाय सोपा आहे, पण आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगून ठेवलंय की पाणी किमान ७० अंश गरम असतानाच त्यात पावडर घाला, कारण तेवढ्या तापात पावडरमधला जंतू मरतो. मग भांडं थंड पाण्यात धरून दूध निववा, मनगटावर थेंब टाकून बघा आणि मगच पाजा. आपल्याकडे काय करतात? सकाळी पाणी उकळतात, निवायला ठेवतात आणि दिवसभर त्या कोमट पाण्यात पावडर कालवतात. अनेक डब्यांवरही तसंच लिहिलेलं असतं. पाण्यातले जंतू मेले, पावडरमधल्यांचं काय? आणखी एक. त्या सूचनेत उकळलेलं पाणी अर्ध्या तासाच्या आत वापरा असं म्हटलंय. पण आपण उकळतो वाटीभर. ते बघता बघता निवतं. म्हणून गॅस बंद केला की लगेच कालवा.

दुसरी सूचना अशी की कालवलेलं दूध दोन तासांत संपलं नाही तर फेकून द्या. हे दोन तास कुणाच्या हवेतले? आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, पत्र्याच्या घरात रात्री बारालाही भिंती तापलेल्या असतात, त्यात लाईट गेलेली. ई. कोलायसारखा जंतू अशा उबेत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. चार तासांत एकाचे चार हजार! माझं तर म्हणणं, खानदेशात उन्हाळ्यात तासभरसुद्धा ठेवू नका. उरलेलं फेका. महागाचं दूध फेकताना जीव तुटतो हे मला काउंटरवरून रोज दिसतं, तरी फेका.

घरच्या खाऊलाही हेच लागू आहे, तिथे कंपनीला शिव्या देऊन भागत नाही. खिमट सकाळी शिजवून दुपारी पुन्हा गरम करून देणारी घरं मला माहीत आहेत. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूची बीजं असतात, ती शिजवूनही टिकतात. खिमट गरमीत पडून राहिलं की ती फुटतात आणि विष तयार करतात, आणि उलट्या करवणारं त्यांचं विष पुन्हा उकळलं तरी जात नाही. नागलीचं सत्त्व असो की खिमट, एका वेळेपुरतंच करा. बाळ सहा महिन्यांचं झालं की आपली केळी आहेतच, साल काढा, कुस्करा, भरवा. जंतूला शिरायला वेळच मिळत नाही. (रावेर-यावलच्या केळीवाल्यांनी एवढ्यावर खूश होऊ नये, हात धुवावेच लागतात.) आणि वर्षाच्या आत मध चाटवू नका, घुटीतूनही नाही. मधातल्या बोटुलिझमच्या बीजांनी तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात.

आता खरं भांडण. परवा एक मावशी आल्या. "दादा, पोऱ्याले दूध पुरत नही, डबा द्या." मी विचारलं, कितवा दिवस? तिसरा. तिसऱ्या दिवशी भरपूर दूध कुणाला येतं हो? बाळाचं पोट लिंबाएवढंही नसतं, त्याला चीक पुरतो. सून शेजारी मान खाली घालून उभी होती. मी डबा न देता दवाखान्यातल्या सिस्टरकडे पाठवलं. घेतलाच असेल त्यांनी पुढच्या दुकानातून.

ज्या बाळाच्या आईला खरंच दूध येत नाही, जी आजारी आहे, किंवा ज्याची आईच गेली, त्या बाळाला डबा लागतो, आणि त्यात लाजायचं काही नाही. पण पहिल्या तीन दिवसांत सासू, शेजारीण आणि कधी कधी डॉक्टरसाहेब मिळून जो डबा लादतात, तो कशाला?

कायदा आहे. १९९२ चा आहे, २००३ साली कडक केला. दोन वर्षांखालच्या मुलांच्या डब्याची जाहिरात करायची नाही, डब्यावर बाळाचं चित्र छापायचं नाही, आईचं दूध सर्वोत्तम असं लिहायचं. मग त्याच पत्र्यावर "ही पावडर निर्जंतुक नाही, ७० अंशांच्या पाण्यातच कालवा" हे लिहायला काय हरकत आहे? लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की नियम पाळला गेला. शिरपूर-साक्रीकडच्या पाड्यांवर इंग्रजी कोण वाचणार आहे? मराठीत हवं, समोरच्या बाजूला हवं, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं मोठं.

तोवर मी माझ्याकडून विकल्या जाणाऱ्या डब्यांवर हाताने चिठ्ठी चिकटवतो. कंपनीचा माणूस आला होता, म्हणाला असं करू नका, डबा खराब दिसतो.