फोटो लई भारी आलाय की, मालक!

मराठीवर माझं प्रेम आहे, पण गेल्या मंगळवारपासून तिच्या एका क्रियापदावर राग आहे. काढणे. आपल्याकडे फोटोही काढतात आणि चित्रही काढतात. कर्ज काढतात, दिवस काढतात, शेजाऱ्याची उणीदुणी काढतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सोलापुरातल्या नव्या पेठेजवळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात मी पेनड्राइव्ह पुढे केला, पडद्यावर आमचे मामा उघडले आणि मी छाती फुगवून म्हणालो, "हे मी काढलंय." कॉम्प्युटरवरचं पोरगं मान वर न करता म्हणालं, "भारी काढलाय. कुठल्या मोबाईलनं?"

मामा म्हणजे सासरे. त्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली. जावयानं शाल-नारळाच्या पलीकडे काही द्यावं म्हणून मी टॅबवर त्यांचं चित्र काढायला घेतलं. बारा बाय अठरा इंच, ३६०० गुणिले ५४०० पिक्सेल, म्हणजे १ कोटी ९४ लाख ४० हजार ठिपके. मामांनी तीस वर्षं एसटी चालवली. खिडकीकडचा उजवा हात डाव्यापेक्षा दोन छटा काळा, आणि चेहरा असा की नाकाशेजारची कातडी दोन बोटांनी मोठी केली की मंगळवेढ्याचं काळं रान उन्हाळ्यात भेगाळतं तसं दिसतं. त्या भेगा मी एकेक करून भरल्या. दाढीचे पांढरे खुंट सुटे सुटे काढले. चष्म्याच्या काचेत खिडकीचे गज दिसतात, आणि त्या गजांपुढे मोहरीएवढा मी, मोबाईल धरून उभा. डाव्या गालावर तीळ आहे आणि तिळावर एक केस आहे. त्या तिळाला एक अख्खी रात्र गेली, कारण तीळ काळा नसतो. तो कडेला तांबूस असतो, मध्ये किंचित निळसर, आणि त्याच्यावर उजेडाचा एक टिपूस असतो. तो टिपूस जागा चुकला की गालावर माशी बसल्यासारखी दिसते. माझ्याकडे तीन वेळा माशी बसली.

हे सगळं सोलापूरच्या मार्च-एप्रिल-मेमध्ये. टॅबच्या माहितीपत्रकात लिहिलंय, वापराचं तापमान ० ते ३५ अंश. पस्तीस अंशाला आमच्याकडे 'आज जरा बरंय' म्हणतात. रात्री नऊनंतरसुद्धा तो तापायचा, पडदा काळा करून इशारा द्यायचा, आणि मी त्याला पंख्याखाली धरून बसायचो. बायको म्हणायची, "त्याला थोडं पन्हं देऊ का?" ज्या रात्री नळाला पाणी यायचं त्या रात्री कलेला सुट्टी. अशा सत्तर रात्री झाल्या.

तर त्या पोराला मी समजावलं की हे चित्र आहे. ते म्हणालं, "हा, एआयवालं." मी म्हटलं, एआय नाही, हातानं. यावर मागच्या बाकड्यावरून आवाज आला.

"हातानं म्हंजे कसं ओ मालक?"

सोलापुरात सगळेच मालक असतात, रिक्षावालाही आणि रिक्षात बसणाराही. हे मालक पन्नाशीचे, पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का. कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स करून घ्यायला आले होते. फ्लेक्सवर खाली शुभेच्छुकांची बावीस तोंडं. त्यांचं तिसऱ्या ओळीत. मी आलो तेव्हा "माझं तोंड त्याच्यापेक्षा ल्हान का दिसतंय?" हा वाद निम्म्यावर आला होता. तो सोडून ते उठले आणि मामांच्या चेहऱ्यासमोर चष्मा वर करून उभे राहिले.

"फोटो लई भारी आलाय की."

"फोटो नाही. चित्र आहे."

"चित्र असं असतंय व्हय? चित्र म्हंजे जरा तरी चुकलेलं पायजे."

मी त्यांना लेअर समजावले. खाली गडद रंगाचा थर, त्यावर एअरब्रशचे फिकट हात, मग स्मज करून, म्हणजे रंग पसरवून, कडा मऊ करायच्या. ते लक्ष देऊन ऐकत होते. "आलं ध्यानात," म्हणाले. "खाली फोटो ठिवायचा आणि वरनं गिरवायचं." मी म्हटलं, फोटो शेजारी ठेवलेला, खाली नाही. चौकटी आखून माप घेतलं, तेवढं कबूल. 'कबूल' हा शब्द मी उच्चारायला नको होता. त्यांनी पोराकडे असं पाहिलं की आता फक्त पंचनामा राहिला.

मग मी हुकमी पान टाकलं. ज्या अ‍ॅपवर मी काढतो ते प्रत्येक फटकारा नोंदवून ठेवतं आणि शेवटी सगळ्याचा भरभर पळणारा व्हिडिओ देतं. मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. कोऱ्या पडद्यावर तपकिरी डाग आले, डागांचं नाक झालं, नाकाला मामा फुटले. मालक शेवटपर्यंत पापणी न हलवता बघत होते. परत एकदा पाहिला. मग मोबाईल माझ्या हातात ठेवून, पोरं ऐकतील म्हणून जपावं तसा आवाज खाली आणून म्हणाले, "आधी फोटो घेतला. मग तो पुसत पुसत गेलाव. आणि व्हिडिओ उलटा लावलाव."

मी निरुत्तर झालो. खरं सांगतो, क्षणभर मलाच वाटलं, असंच केलं असतं तर मार्चमध्येच सुटलो असतो.

तरी मी हरलो नाही. २०१३ साली काईल लँबर्ट नावाच्या इंग्रज चित्रकारानं आयपॅडवर मॉर्गन फ्रीमन या नटाचा चेहरा रंगवला होता, ते मी सांगितलं. २०० तासांहून जास्त वेळ, २ लाख ८५ हजार फटकारे, आणि तेही नुसत्या बोटानं. व्हिडिओ दाखवूनही जगभर लोक म्हणाले, खोटं आहे, मूळ फोटोच दडवलाय.

"मंग," मालक समाधानानं म्हणाले, "त्याला पण धरला की लोकांनी."

नंतर त्यांनी तो प्रश्न विचारला. "टाइम किती गेला?" रोज दोन तास, सत्तर दिवस, एकशे चाळीस तास. "आणि फोटो काढायला?" एक सेकंद. "मग तोच का न्हाई छापला?"

पोरानं माऊस सोडला. दुकानात फक्त प्रिंटरचा आवाज.

"न्हाई, तसं न्हाई," मालकांना माझी दया आली असावी. "गाडी दारात असून माणूस अक्कलकोटला चालत जातोय की. पण त्याचा नवस असतोय. तुमचा काय नवस होता काय?"

मला राग आला, आणि अजून आहे. चित्रकार हुसेन आमच्याच जिल्ह्यातले, पंढरपुरात जन्मलेले. त्यांच्या घोड्यांना लोकांनी काय वाटेल ते म्हटलं असेल, पण 'कुठल्या कॅमेऱ्यानं काढला?' असं कुणी विचारलं नाही. हात जितका जास्त चालवावा तितका तो दिसेनासा व्हावा, हा कुठला धंदा? आणि लोकांना खोट्याचा तिटकारा आहे म्हणावं, तर तसंही नाही. आमच्या घरी आजोबांचा मोठा केलेला फोटो आहे, स्टुडिओवाल्यानं हातानं रंगवलेला. अंगात करडा कोट, गळ्यात टाय. आजोबांनी जन्मात कोट घातला नाही. तो ब्रशनं घातलेला आहे, एका बाहीला बटण आहे, दुसऱ्या बाहीला नाही. त्या फोटोला साठ वर्षं घरातला प्रत्येक जण 'अगदी हुबेहूब' म्हणत हार घालतोय. आणि इथे बावीस तोंडांच्या फ्लेक्सवर ज्यांचं अंगही दुसऱ्याचं, ते मला खरं-खोटं शिकवणार!

हे सगळं मी बोललो नाही. मी म्हणालो, "प्रिंट कधी मिळेल?" संध्याकाळी, पोरगं म्हणालं. फ्रेमही तेच करणार होते.

संध्याकाळी फ्रेम कागदात गुंडाळून तयार होती. "चेहरा जरा क्लीन करून दिलाय. त्याचे पैसे न्हाई लावले." कागद फाडला. मामांचा गाल धुतलेल्या पपईसारखा. भेगा गेल्या, खुंट गेले, चष्म्यातला मोहरीएवढा मी गेलो. तीळ गेला. "डाग होता ओ, काढला," पोरगं म्हणालं. पुन्हा तेच क्रियापद. पैसे परत मागावेत, पुन्हा छापून घ्यावं, हे सगळं घरी पोचल्यावर सुचलं. दुकानात मी 'थँक्यू' म्हणालो होतो.

कार्यक्रमाला सगळे खूश. "मामा पन्नाशीचे दिसतायत!" मेहुणा म्हणाला, "भावजी, कॅमेरा कुठला?" मामा मात्र चित्रासमोर उभे राहून डावा गाल चोळत होते. "जावईबापू, माझा तीळ ओ?"

मी तोंड उघडायच्या आत बायकोनं काजळाची डबी आणली आणि फ्रेमच्या काचेवर, मामांच्या गालावर बोटानं टिपका ठेवला. दोन बोटं वर, जवळपास डोळ्याखाली. मामांचं समाधान झालं.

शेंगाचटणी चाटत उभा असलेला मेहुण्याचा पोरगा पुढे झाला, काचेला नाक लावलं आणि म्हणाला, "ए, हा तीळ कुणीतरी हातानं काढलाय! कुणी काढला? भारी काढलाय की!"