खडा काढला, नळी राहिली

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

आमच्या चाळीतल्या एक काकू प्लास्टिकच्या पिशवीत फाईल घेऊन आल्या. कंबर दुखते, लघवीला जळजळ, मधूनच रक्त. एक्स-रेत किडनीपासून मूत्राशयापर्यंत पांढरी रेघ, दोन्ही टोकांना वळलेली. डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनीत ठेवलेली प्लास्टिकची बारीक नळी. मुतखड्याच्या ऑपरेशनला 14 महिने झालेत. काकू विचारतात, "खडा काढला ना, मग आत काय राहिलं?"

डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत एक ओळ: डीजे स्टेंट इन सीटू, रिव्ह्यू इन ओपीडी. म्हणजे नळी आतच आहे, ओपीडीत दाखवायला या. कधी? ते कोरं. झाला यांचा फॉलोअप!

नळी ठेवण्यात चूक काहीच नाही. दुर्बिणीतून खडा फोडला की मूत्रवाहिनी सुजते, बारीक तुकडे अडकतात. लघवी वाहती राहावी म्हणून ही ठेवतात. जाडी जेमतेम 2 मिलिमीटर. साधारण 2 ते 6 आठवड्यांत काढायची, 3 महिन्यांपुढे सहसा कुणी ठेवत नाही. त्यापुढे लघवीतले क्षार तिच्यावर बसतात, टोकांना नवे खडे धरतात, प्लास्टिक ठिसूळ होऊन तुटतं. वेळेत काढायची तर काय लागतं? भुलीची जेली, दुर्बीण, चिमटा, काही मिनिटं, त्याच दिवशी घरी.

काकूंच्या नळीला दोन्ही टोकांना खडा धरलाय. आता आधी लघवीचं कल्चर म्हणजे जंतूंची तपासणी, अँटिबायोटिक, ती किडनी किती काम करतेय ते बघायला स्कॅन. मग खालचा खडा फोडा, पाठीतून छिद्र पाडून वरचा फोडा, एका बैठकीत होईलच असं नाही. नुसती ओढली तर मूत्रवाहिनी फाटायची.

पोट शिवण्याआधी ऑपरेशन थिएटरमध्ये मॉप, म्हणजे रक्त टिपायची कापडं, मोजतात. एक कमी भरला तर सगळे खोळंबतात. आणि ही नळी, जी मुद्दाम आत ठेवलीय, ती मोजायला कुणी नाही? एक शंभर पानी वही लागते हो. नाव, दोन फोन नंबर, डावी की उजवी, घातल्याची तारीख, काढायची तारीख. सोमवारी सिस्टरने वही उघडायची, ज्यांची तारीख उलटलीय त्यांना फोन लावायचा. बस्स.

हो, पेशंट नंबर बदलतात, गावी निघून जातात. केईएम-सायनच्या ओपीडीची गर्दी मलाही दिसते. मान्य. पण भुलीतून नुकत्याच उठलेल्या बाईला घाईत सांगितलं म्हणजे सांगितलं होत नाही. शिवाय ही नळी फसवी. सुरुवातीला लघवी करताना कुशीत कळ येते, कारण लघवी नळीतून उलटी वर चढते. मग बऱ्याच जणांना सवय होते. त्रास कमी झाला की माणूस म्हणतो, बरा झालो.

काकू जाताना म्हणाल्या, "मीच विचारायला हवं होतं." नाही हो काकू! ज्याने घातली त्याने हिशोब ठेवायचा. पण त्यांचं बोलणं ऐकून माझा राग जरा निवला, नुसतं वाईट वाटत राहिलं.

घरात कुणाचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं असेल तर आत्ता फाईल काढा. 'स्टेंट' किंवा 'डीजे' शब्द शोधा, ती काढल्याचा कागद शोधा. नसेल तर केयूबी एक्स-रे, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंतचा एक्स-रे, काढून घ्या, त्यात दिसते. कागद हरवले असतील तर दवाखान्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे 72 तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं. ग्राहक आयोगात जायचं मनात असेल तर मुदत 2 वर्षांची असते, तारखा वकिलाला आधीच दाखवा.

आणि नळी काढतील तेव्हा 'मला दाखवा' म्हणा. दोन्ही टोकं वळलेली हवीत. एकच टोक वळलेलं दिसलं, तर दुसरं कुठंय ते तिथेच विचारा.