24 तासांची खाट

गेल्या आठवड्यात मोबाइलवर मेसेज आला, आरोग्य विम्याच्या नाकारलेल्या क्लेमची रक्कम खात्यात जमा झाली म्हणून. सव्वा वर्षानं! नवरा म्हणाला, पेढे आणू का? म्हटलं, आधी पासबुक भरून आण. या कंपनीच्या मेसेजवर विसंबायची माझी सवय कधीच मोडली आहे.

बऱ्याच जणी विचारत होत्या की नक्की झालं काय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मला 2017 पासून आमवात आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. संधिवात म्हटलं की लोकांना म्हातारपणी झिजलेले गुडघे आठवतात. हा तो नव्हे. यात शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच उलटते आणि आपल्याच सांध्यांवर चालून येते. सकाळी उठल्यावर तास-दीड तास माझी मूठ वळत नाही. दुधाची पिशवी कापायलासुद्धा कुणाला तरी हाक मारावी लागते. यावर आजवर मला मेथीचे लाडू, निर्गुडीचा शेक, तांब्याचं कडं आणि वांगं सोडण्याचा सल्ला मिळालेला आहे. वांगं मी सोडलेलं नाही.

पहिली काही वर्षं गोळ्यांवर निघाली. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आमच्याकडे तिचं नाव 'रविवारची गोळी'. जोडीला फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. (2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये अख्ख्या देशाला हीच गोळी हवी होती, आठवतंय? तेव्हा आम्ही नेहमीचे गिऱ्हाईक चिठ्ठी हातात घेऊन दुकानं पालथी घालत होतो.) हा खर्च मी कधी विम्याकडे मागितला नाही. ओपीडीची, म्हणजे दाखल न होता घेतलेली, औषधं पॉलिसीत येत नाहीत हे ठाऊक होतं, आणि तो झेपतही होता.

2024 च्या उन्हाळ्यात गोळ्या पुरेनाशा झाल्या. दोन्ही मनगटं सुजली, फळ्यावर लिहिता येईना. डॉक्टरांनी बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेलं) औषध सुचवलं आणि दोन रस्ते सांगितले. एक अडालिमुमॅब. ते फ्रिजमध्ये ठेवायचं आणि दर पंधरा दिवसांनी घरीच पोटावर नाहीतर मांडीवर टोचून घ्यायचं, इन्सुलिनसारखं. दुसरं रिटुक्सिमॅब. ते हॉस्पिटलमध्ये सलाइनमधून एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी पुन्हा एक ग्रॅम, आणि पुढचा डोस सहाएक महिन्यांनी तब्येत बघून. माझ्या बाबतीत दोन्ही चालण्यासारखी होती. एवढं सांगून झाल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "पॉलिसी कशी आहे तुमची?"

त्यांचा यात काही दोष नाही. त्यांना रोज हेच विचारावं लागत असणार. पण मला तो प्रश्न अजून टोचतो. घरी टोचायचं औषध म्हणजे ओपीडी, त्याला विम्यातून दमडी मिळणार नाही. हॉस्पिटलच्या खाटेवर पडून घ्यायचं औषध म्हणजे डे-केअर (24 तासांच्या आत घरी पाठवतात ते उपचार), त्याचे मिळाले तर मिळाले. माझ्या सांध्यांना काय मानवेल हे नंतर. आधी पॉलिसीला काय मानवेल ते बघायचं.

आम्ही रिटुक्सिमॅब घेतलं. टीबीच्या आणि काविळीच्या तपासण्या आधी झाल्या, मग ऑगस्टमध्ये पहिला डोस. सकाळी आठला दाखल. आधी स्टिरॉइड, ॲलर्जीचं इंजेक्शन, पॅरासिटामॉल. मग औषध थेंब थेंब. दर अर्ध्या तासानं सिस्टर बीपी बघणार आणि सोसलं तर वेग थोडा वाढवणार. दुसऱ्या तासाला माझा घसा खाजायला लागला, तर सलाइन बंद करून अर्धा तास नुसतं बसवून ठेवलं. संध्याकाळी सहाला घरी. बिल 61,400 रुपये.

कॅशलेस (कंपनीनं हॉस्पिटलला परस्पर पैसे देणं) नाकारलं होतंच, कारण क्लेमसाठी निदान 24 तास दाखल राहावं लागतं आणि ते भरत नव्हते. पैसे भरले आणि कागद पाठवले. उत्तर आलं की हे डे-केअरच्या व्याख्येतही बसत नाही, कारण रुग्णाला भूल दिलेली नाही. व्याख्येत भुलीचा उल्लेख आहे हे खरं. पण सलाइनमधून औषध द्यायला भूल कोण देतं? मला तर त्या दिवशी जागं राहायला सांगितलं होतं, काही त्रास झाला तर लगेच कळावं म्हणून.

दुसऱ्या डोसला बिलिंगच्या खिडकीतल्या मुलानं आवाज खाली आणून सांगितलं, "मॅडम, एक रात्र काढा. 24 तास भरले की कटकट नाही." काढली. ठणठणीत बाई, हाताला सुई नाही, काही नाही, रात्रभर खाटेवर बसून मोबाइल बघतेय. शेजारच्या खाटेवर डेंग्यूची मुलगी कण्हत होती आणि तिच्या आईला बसायला स्टूल नव्हतं. बिल 70,250. यावर कंपनीचं उत्तर काय? दाखल होण्याची वैद्यकीय गरज दिसत नाही, हे उपचार ओपीडीत होऊ शकतात.

म्हणजे संध्याकाळी घरी गेले तर कमी राहिले, आणि रात्री राहिले तर जास्त राहिले.

त्या दिवशी पहिल्यांदा मी पॉलिसीची पुस्तिका उघडली. 2013 पासून हप्ता भरतेय, मुलाच्या दहावीच्या पुस्तकांना कव्हरं घातली, पण ही पुस्तिका कधी वाचली नव्हती. तिच्यात मागच्या बाजूला 'आधुनिक उपचारपद्धती' म्हणून एक यादी सापडली. इर्डानं, म्हणजे विमा नियामकानं, सप्टेंबर 2019 मध्ये विमा कंपन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातली ही यादी. एकूण 12 उपचार. रोबोटिक शस्त्रक्रिया, तोंडानं घ्यायची केमोथेरपी, डोळ्यात द्यायची इंजेक्शनं, आणि त्यातच इम्युनोथेरपी, म्हणजे इंजेक्शनवाटे दिलेली मोनोक्लोनल अँटीबॉडी (प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिपिंडं). जुन्या पॉलिसींनाही हे 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालं. गरज असेल तिथे दाखल करून किंवा डे-केअरमध्ये हे उपचार विम्यात धरायचे. कंपनी त्यावर रकमेची मर्यादा घालू शकते, पण मुळातच नाही म्हणता येत नाही.

रिटुक्सिमॅब मोनोक्लोनल अँटीबॉडीच आहे. शेवटचं 'मॅब' तेच सांगतं. क्लेम बघणाऱ्याला हे माहीत नव्हतं की माहीत असून पाठवायचं ते पत्र पाठवलं, देव जाणे. मला दुसरंच खरं वाटतं. दहा जणांना नकार पाठवला की आठ जण गप्प बसतात, हा हिशेब करायला गणिताची बाई लागत नाही.

पुढचं थोडक्यात, कारण ते कंटाळवाणंच आहे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्यावी लागते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं. आम्हा नाशिककरांसाठी ते पुण्याला, नारायण पेठेत. फी नाही, वकील लागत नाही. 50 लाखांपर्यंतची भांडणं ते ऐकतात. लोकपालांचा निवाडा कंपनीला पाळावाच लागतो. आपल्याला पटला नाही तर ग्राहक आयोगाचं दार उघडंच असतं.

कामाला आलं ते एकच, डॉक्टरांचं पत्र. पहिलं पत्र दोन ओळींचं होतं, 'रुग्णास अमुक आजार, अमुक औषध देण्यात आले.' ते परत नेऊन दिलं आणि सविस्तर लिहून मागितलं. कोणत्या गोळ्या किती महिने घेतल्या आणि का पुरल्या नाहीत. औषध सलाइनमधूनच का द्यावं लागतं. रिॲक्शन आली तर काय होऊ शकतं आणि मला त्या दिवशी काय झालं. घरी किंवा क्लिनिकमध्ये ते का देता येत नाही. सोबत नर्सिंग चार्ट मागून घेतला, ज्यात दर अर्ध्या तासाचं बीपी आणि सलाइन थांबवल्याची वेळ होती. डिस्चार्ज कार्डावर यातलं काहीच नव्हतं. तो चार्ट मागितला नसता तर मी हरले असते असं मला वाटतं.

सुनावणी व्हिडिओवर झाली, जेमतेम पंधरा मिनिटं. कंपनीच्या माणसानं व्याख्या वाचली, मी यादी वाचली. निवाडा माझ्या बाजूनं लागला, फक्त त्या एका रात्रीचं खोलीभाडं वजा करून. आणि खरं सांगू? ते वजा करणं बरोबरच होतं.

आता माझं म्हणणं. माझ्या सासूबाईंची पॉलिसी याच कंपनीची. 2019 मध्ये त्यांचे दोन्ही गुडघे बदलले. कॅशलेस संध्याकाळच्या चहाच्या आत मंजूर, एक क्वेरी नाही. गुडघा पार निकामी झाला की कंपनी लाखांनी पैसे देते. तो निकामी होऊ नये म्हणून जे औषध आहे त्याला मात्र भूल, खाट, रात्र असली कारणं. माझे सांधे वाकडे होईपर्यंत मी थांबले असते तर मी आदर्श ग्राहक ठरले असते.

आमचे एजंट काका म्हणतात, ताई, विमा अचानक आलेल्या संकटाचा असतो, दरमहाच्या किराण्याचा नव्हे. सगळ्यांची ओपीडी धरली तर हप्ता कुणालाच परवडणार नाही. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण काका, पॉलिसी 2013 ची आणि आजार 2017 चा. माझ्यावरही तो अचानकच आला की. फक्त तो परत गेला नाही, एवढाच त्याचा गुन्हा. केंद्र सरकारी नोकरांना सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेत ओपीडीची औषधं मिळतात, ईएसआयसी या कामगार विमा योजनेतल्या कामगारांनाही मिळतात. पण ईएसआयसीत पगार 21,000 च्या वर गेला की दार बंद. आमच्यासारखे विनाअनुदानित शाळेतले लोक दोन्हीकडे नाहीत. आयकरातल्या 80डीडीबीची, म्हणजे ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावर करसवलत देणाऱ्या कलमाची, यादी पाहिली, तर आमवाताचं नाव तिच्यातही नव्हतं. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला. छान झालं. हप्ता हलका झाला, पण 24 तासांची खाट आहे तिथेच आहे.

दीर्घ आजाराचं महागडं औषध घरी टोचलं काय नि हॉस्पिटलमध्ये टोचलं काय, ते विम्यात धरा. वर्षाची मर्यादा घाला, सुरुवातीचा काही हिस्सा माझ्याकडून घ्या, डॉक्टरांचं दर सहा महिन्यांनी पत्र मागा. पण डेंग्यूच्या मुलीशेजारची खाट अडवून मला रात्रभर बसवू नका.

फेब्रुवारीतला डोस एफडी मोडून घेतला होता. त्याचाही क्लेम तसाच नाकारला होता, निवाड्याची प्रत जोडून परवा पुन्हा पाठवला आहे. बघू.

डॉक्टरांच्या पत्रात काय काय असावं त्याचा कच्चा मसुदा माझ्याकडे आहे. हवा असेल त्यांनी मेसेज करा, नाव-गाव खोडून पाठवते. फक्त सकाळी दहाच्या आत उत्तराची वाट बघू नका, तोवर बोटं उठलेली नसतात.